खालचं काम, वरचं काम

हापसा उघडायला दोन माणसं लागतात, आणि त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात त्या घरातली ती दोन माणसं एकमेकींशी बोलत नव्हती.

दोघी जावा. मोठीला सगळी वस्ती थोरली म्हणायची, लहानीला धाकटी, आणि बाहेरगावचे लोक दोघींना मिळून हापसावाल्या म्हणायचे. पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेकडून दोघींनी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे कितीतरी बंद हापसे चालू केले होते. शाळेचं तोंड दोघींनीही धड पाहिलेलं नव्हतं. संस्थेच्या ताईंनी पहिल्यांदा हातात पाना दिला तेव्हा थोरलीनं तो चुलीतल्या चिमट्यासारखा धरला होता आणि धाकटी हसता हसता खाली बसली होती. तिथून पुढे बोटं चेमटवत, नखं काळीनिळी करून घेत दोघी शिकल्या. कुणी शिकवलं म्हणावं तर एक धडा असा कुणी दिला नाही. बिघडलेल्या हापशापाशी बसायचं, उघडायचं, चुकायचं, पुन्हा बसवायचं. पाणी आलं की घरी जायचं.

काम दोघींत आपोआप वाटलं गेलं होतं. धाकटीच्या दंडात जोर, म्हणून जमिनीखालचं सगळं तिच्याकडे. पाइप वर खेचायचे, एक सोडवताना खालचा धरून ठेवायचा, तळाचं सिलिंडर उघडायचं, झिजलेले वायसर बदलायचे. थोरलीची नजर बारीक, म्हणून जमिनीवरचं तिचं. हांडल, साखळी, बेअरिंग, आणि सगळ्यात वरचा रॉड मापाचा कापून त्याला आटे पाडणं. इतक्या वर्षांत कुणी कुणाच्या कामात नाक खुपसलं नाही. त्याचं कौतुकच व्हायचं. जावाजावा उभा दावा असं सगळीकडे असतं, इथं बघा कशा एका बोअरवर राबतात, असं लोक म्हणायचे.

मग संस्थेचा पैसा आटला. ताई शेवटच्या आल्या त्या हत्यारांची पेटी ठेवून जायला. जाता जाता एक बातमी देऊन गेल्या. पाणीखात्याला या पट्ट्यासाठी हापशांचा एक मिस्त्री नेमायचा होता. बारा महिने पगार. ताईंनी साहेबांकडे खेटे घालघालून त्यांच्या गळी उतरवलं होतं, की शाळेचा दाखला नसला तरी ज्याला काम येतं त्यानं ते करून दाखवावं, पास झाला तर खातं त्याला मिस्त्रीचा दाखला देईल आणि एकाला जागा. दोघींची नावं त्यांनी दिली होती. पण जागा एक आहे, तेव्हा तुमच्यातली कोण, असं त्यांनी अंगणात उभ्या उभ्या विचारलं. थोरली बोलायला तोंड उघडतच होती, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "मी."

तिचंही बरोबर होतं. नवरा गाडीवर पोती चढवताना पाठीवर पडला होता, तेव्हापासून कमरेला पट्टा बांधून घरात. उठताना भिंतीला धरायचा आणि कुणी बघितलं की रागवायचा. पोटापाण्याचं सगळं हिच्यावर आलेलं. पण थोरलीच्या घरातही काही सोन्याचा धूर निघत नव्हता. तिचा नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर, चार दिवस घरी तर आठ दिवस बेपत्ता. तिनं उघडलेलं तोंड मिटलं, आत गेली आणि त्या दिवसापासून धाकटीशी बोलायची बंद झाली. अंगण एक, रांजण एक, आणि मध्ये सासू टपालवाल्यासारखी निरोप पोचवायला.

पगार तर धाकटीला हवाच होता. पण आणखी एक गोष्ट तिला आतून टोचत होती. दोन पावसाळे थापी धरलेला पोरगा मिस्त्री होतो, लोक त्याला बसायला टाकतात. ती हापशांत हात काळे करून म्हातारी व्हायला आली, तरी लोकांच्या तोंडी संस्थेची बाईच. संस्था गेली. आता नुसती बाई उरली. तिला मिस्त्री व्हायचं होतं, कागदावर आणि लोकांच्या तोंडीसुद्धा.

परीक्षेच्या सकाळी ती चालत खात्याच्या आवारात पोचली तेव्हा अंगाला घाम आणि पायांना फुफाटा चिकटला होता. आवारात पत्र्याची शेड, गंजलेल्या पाइपांचा ढीग आणि मधोमध एक हापसा. बाजारातल्या दुकानांत काम करणारे, परीक्षेला आलेले दोन-तीन फिटर मोटारसायकलींना टेकून उभे होते. दारातल्या शिपायानं तिला विचारलं, कुणाबरोबर आलीस. कुणाबरोबर नाही, परीक्षेला आलेय, म्हटल्यावर त्यानं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि सांगितलं, की मग तोवर तेवढे चहाचे पेले विसळून ठेव, वेळ आहे अजून. तिनं एकदा त्या पेल्यांकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि शेडच्या सावलीत हापशाकडे तोंड करून बसली. पेले तसेच राहिले. शिपाई पुटपुटला, पण तिच्या नादी लागला नाही.

साहेब उंच, वाळका, कमी बोलणारा. त्यानं काम सांगितलं. सगळे पाइप वर काढायचे, सिलिंडर उघडून वायसर बदलायचे, पुन्हा सोडायचं, वरचा रॉड खराब आहे तो नवा मापाचा कापून बसवायचा आणि हापसा चालू करून दाखवायचा. मदतीला खात्याचा एक गडी मिळेल, तो सांगाल तेवढंच करील.

तिचा नंबर आला आणि खालचं काम तिनं असं केलं की मोटारसायकलवाले टेकायचे सोडून जवळ आले. क्लॅम्प लावला, कान खाली नेऊन त्याचे दात पाइपाला चावल्याचा आवाज ऐकला, मगच गड्याला पाना फिरवायला सांगितला. एकेक पाइप वर येऊन आडवा होत गेला. सिलिंडर उघडताना तिनं बोट आत फिरवून कुठला वायसर गेलाय ते न बघताच सांगितलं. साहेब गुडघ्यांवर बसून बघत होता. "बरं," एवढंच म्हणाला.

पाइप परत सोडले, रॉड जोडत आणला आणि वरचा नवा रॉड हातात आला. हे काम तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसं? त्या वेळी ती दोन्ही हातांनी पाइप धरून जमिनीकडे बघत वाकलेली असायची आणि पाठीमागे करवतीचा आवाज यायचा. खर्र खर्र, मग आटे पाडायचं कुरकुरणं, मग थोरलीचं "सोड आता." आवाज सगळे पाठ होते. काम ठाऊक नव्हतं.

पण थांबली तर संपलं, असं तिला वाटलं. रॉड तिनं गच्च धरला, हापशाच्या वरच्या टाकीच्या काठापाशी करवतीनं खूण केली, कापला, आटे पाडले, साखळी जोडली. हांडल दाबलं. ते अर्ध्यावर आलं आणि खाडकन अडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा खाडकन. रॉड चांगला चार बोटं तोकडा झाला होता. कापलेलं लोखंड काही वाढत नाही.

मागून कुणीतरी हसलं. साहेबानं विचारलं, काय झालं. गड्यानं नीट धरलं नाही, करवत बोथट होती, असं म्हणायला जागा होती, आणि गडी तर घाबरून तिच्याकडे बघतच होता. पण दुसऱ्याच्या नावावर खोट घालणं तिला जमलं नाही.

"हे मला येत नाही, साहेब. वरचं काम माझी जाऊ करते."

"जाऊ कुठंय?"

"घरी."

तिला बरोबर आणायला हवी होतीस, दोघींत मिळून एक मिस्त्री झाला असता, असं एक मोटारसायकलवाला बोलला आणि सगळे हसले. साहेब हसला नाही. त्यानं सांगितलं, खालचं काम पक्कं आहे, वरचं नाही, आणि अर्ध्या कामाचा दाखला खातं देत नाही. आठवड्यानं राहिलेल्यांची आणि न आलेल्यांची परीक्षा पुन्हा होईल. यायचं तर पूर्ण शिकून या. वाया गेलेला रॉड मात्र तुमच्या नावावर राहील.

घरी येताना तिनं स्वतःला शिव्या घातल्या. इतकी वर्षं एका हापशावर राबलो आणि मागे वळून बघावंसं एकदा वाटलं नाही. काय तो विश्वास म्हणायचा की काय तो आळस. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, की दुसरीकडे शिकून घे, बाजारातला एखादा फिटर शिकवील. बाजारातल्या फिटरांना तिनं नुकतंच हसताना पाहिलं होतं. सासू कोपऱ्यातून म्हणाली, शिकवणारीचं दार तर समोर आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं जा आणि धर. हे वाक्य अंगण ओलांडून गेलं असावं, कारण पलीकडून थोरलीचा आवाज आला, की गाढव कुणाला म्हणताय ते जरा नीट सांगा. कित्येक दिवसांत तिनं या बाजूला टाकलेलं ते पहिलं वाक्य.

सकाळी थोरली गोठ्यात शेण भरत होती. धाकटी गेली आणि दुसरं टोपलं उचलून भरायला लागली. थोरलीनं टोपलं काढून घेतलं नाही. दोघींनी उकिरड्यापर्यंत दोन खेपा केल्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. तिसऱ्या खेपेला धाकटीनं सगळं सांगितलं. रॉड कापला तो, हांडल अडलं ते, लोक हसले ते.

थोरलीनं विचारलं, "आणि आता मी शिकवू?"

"हो."

"त्या दिवशी ताईंनी विचारलं तेव्हा तुझ्या मागे मीही उभी होते."

"होतीस. मी तुला विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. चुकलं माझं."

थोरलीनं हात गवताला पुसले. मग म्हणाली, "शिकवते. पण खालचं तू मला शिकवायचं. आणि परीक्षेला मीही येणार."

जागा एक होती. थोरलीचा हात बारीक कामात किती सरळ चालतो हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. खालचं शिकली तर ती पूर्ण मिस्त्री, आणि तिच्या नावावर वाया गेलेला रॉडही नाही. म्हणजे आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा. नाही म्हणावं तर वरचं काम कुणाकडून शिकायचं? आणि खरं सांगायचं तर नाही म्हणायला तोंडही नव्हतं. अर्धं काम थोरलीचं होतं, मग परीक्षाही अर्धी तिचीच.

"ये," ती म्हणाली.

वस्तीच्या टोकाचा हापसा बंद पडून महिना होत आला होता. संस्था नव्हती, खात्याचा मिस्त्री अजून नेमायचा होता, म्हणून बायका ओढ्यातल्या खड्ड्यावर जात होत्या. दोघींनी तोच उघडायला घेतला. ऊन असं की दुपारी पान्याला हात लावला तर चटका बसायचा. सकाळी लवकर यायचं, ऊन चढेपर्यंत करायचं, मग धाकटीनं रोजंदारीवर खुरपायला जायचं आणि थोरलीनं घरचं बघायचं, संध्याकाळी उजेड असेपर्यंत पुन्हा. एकदा उघडून बसवलेलं पुन्हा उघडायचं, आणि या वेळी जागा बदलून.

थोरलीला खालचं जड गेलं. तिच्या हातांना सोडायची सवय. धाकटीचा "सोड" यायच्या आतच ती पकड सैल करायची. दुसऱ्याच दिवशी पाइप वीतभर घसरला. धाकटीनं झेप घालून तो धरला आणि तिच्या तळहाताची साल निघाली. पाइप बोअरमध्ये गेला की हापसा गेला, हे दोघींना ठाऊक होतं. धाकटी तिच्यावर ओरडली. थोरलीनं पेटीतून चिंधी काढली, तिच्या हाताला बांधली आणि पुन्हा पाइपाला जाऊन भिडली. कान खाली ने, क्लॅम्पचा आवाज ऐक, डोळ्यांचं इथं काही काम नाही, असं धाकटी सांगत राहिली. संध्याकाळपर्यंत थोरलीचे दंड थरथरायला लागले, पण तिनं उठायचं नाव काढलं नाही.

धाकटीची खोड नेमकी उलटी निघाली. वरचा रॉड तिनं हातात घेतला की ती तो गच्च धरायची आणि तशीच खूण करायला जायची. थोरलीनं दोन वेळा नुसतं पाहिलं. तिसऱ्यांदा तिच्या मनगटावर चापट मारली.

"सोड. पूर्ण सोड. खालचा दट्ट्या तळाला टेकू दे, मग खूण कर. तू धरून ठेवतेस म्हणून तो अधांतरी राहतो आणि तू जास्त कापतेस."

धाकटीनं रॉड सोडला. तो हातातून चार बोटं खाली गेला आणि खोल कुठंतरी टेकला. परीक्षेत तोकडा झाला होता तो नेमका एवढाच. इतकी वर्षं तिचं कामच धरून ठेवायचं होतं, सोडायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला स्वतःचंच हसू आलं. थोरलीही हसली, मग आपला राग अजून गेलेला नाही हे आठवून तिनं तोंड फिरवलं.

शेवटच्या संध्याकाळी हापशातून आधी वारा आला, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. बायका घागरी घेऊन धावल्या. या वेळी वरचं धाकटीनं केलं होतं आणि खालचं थोरलीनं. वस्तीतल्या कुणालाही तो फरक कळला नाही, पाणी तेच होतं.

परीक्षेला दोघी एकत्र गेल्या. त्याच शिपायानं दोघींना पाहिलं आणि पेले स्वतःच विसळायला घेतले. आधी थोरली. तिनं सावकाश केलं, फार सावकाश, एक फिटर तर जांभया द्यायला लागला. पण क्लॅम्पला कान लावल्याशिवाय तिनं एकही पाइप सोडला नाही, आणि वरच्या कामात तर साहेबाला मान हलवण्याखेरीज काही उरलंच नाही. मग धाकटी. रॉड हातात घेतल्यावर तिनं श्वास सोडला, मग रॉड सोडला, तो टेकल्याचं हाताला कळेपर्यंत थांबली, खूण केली आणि कापला. हांडल वरपासून खालपर्यंत अलगद आलं.

साहेबानं दोघींना समोर उभं केलं. बाकी कुणी पास झालं नव्हतं. दोघीही पास, दोघींनाही खात्याचा मिस्त्रीचा दाखला. जागा मात्र एक. एकीनं पहिल्याच वेळी बिनचूक केलं, दुसरीचा एक रॉड वाया गेलेला आहे. तेव्हा जागा थोरलीला. तो हे सरळ बोलला आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. तरी धाकटीला वाईट वाटलं, फार वाईट. दाखला नीट घडी करून ठेवला आणि बाहेर आली.

वाटेत थोरली म्हणाली, की बोअर खोल असला तर खातं जोडीला माणूस देतं. मी तुझं नाव सांगीन.

"काय म्हणून?"

"हेल्पर म्हणून. खात्यात जोडीदाराला हेल्परच म्हणतात. दिवसाचा रोजही हेल्परचाच."

"मग मी नाही येणार," धाकटी म्हणाली. "मिस्त्री म्हणून बोलाव, धावत येईन."

घरी नवऱ्यानं डोक्याला हात लावला. घरात खायला चार तोंडं आणि हिला नावाचं पडलंय. हेल्पर म्हणाले काय आणि मिस्त्री म्हणाले काय, पाणी तेच वर येणार, असं तो म्हणाला. तिनं त्याला समजावलं नाही. समजावून सांगण्यासारखं ते नव्हतं. दाखला पास होऊन मिळाला होता, तो पेटीत ठेवून हेल्पर व्हायचं असेल तर परीक्षा कशाला दिली? ती खुरपायला जात राहिली. खात्याच्या मुकादमाकडून दोन वेळा निरोप आला, हेल्पर पाहिजे. दोन्ही वेळा तिनं नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळी नाही म्हणताना घरातलं पीठ संपत आलं होतं, आणि ती रात्रभर कूस बदलत राहिली, पण सकाळी तिचं नाही ते नाहीच होतं.

तिसऱ्या वेळी थोरली स्वतः आली. अंगावर खात्याचा खाकी कोट, हातात पेटी. टेकडीपलीकडच्या वाडीचा बोअर, फार खोल, सोबतीला दिलेला गडी काल पाइप बघून पळून गेला, असं तिनं सांगितलं. धाकटीनं विचारलं, काय म्हणून येऊ. थोरली म्हणाली, "चल तर खरी." एवढंच. धाकटीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि निघाली.

वाडीवर हापशाभोवती रिकाम्या घागरींची रांग होती आणि सावली कुठंच नव्हती. मुकादम हजेरीची वही घेऊन दगडावर बसला होता. गुबगुबीत माणूस, टोपीनं वारा घेत. त्यानं थोरलीचं नाव लिहिलं, मिस्त्री, आणि धाकटीला विचारलं, हेल्पर ना?

धाकटी काही बोलायच्या आत थोरलीनं पेटी खाली ठेवली आणि तिच्यावर बसली.

"मिस्त्री लिहा."

मुकादम म्हणाला, की एका कामावर मिस्त्री एकच असतो, दुसरा हेल्पर, असा नियमच आहे. थोरलीनं पायांवर पाय टाकले. हिला तुमच्याच साहेबांनी पास केलंय, दाखला तुमच्याच खात्याचा, मग ती मिस्त्री नाही तर कोण, असं तिनं विचारलं. बायका कुरकुरायला लागल्या. भांडायचं ते नंतर भांडा, लेकरं घरी तहानलीत, असं एकीनं ओरडून सांगितलं. ते ऐकून धाकटीचं काळीज हललं. जाऊ दे, लिहा हेल्पर, असे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. तिनं ते तिथंच दाबून ठेवले. तिनं जाऊ दे म्हटलं असतं तर थोरली एकटी पडली असती.

"नियम असेल," थोरली म्हणाली, "तर आज मला हेल्पर लिहा आणि हिला मिस्त्री. एक मिस्त्री, एक हेल्पर, झाला तुमचा नियम. नाहीतर साहेबांना फोन लावा. लिहिल्याशिवाय पान्याला हात लावणार नाही."

मुकादमानं टोपी डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. नेमलेल्या मिस्त्रीला हेल्पर लिहायचं तर त्यालाच जाब द्यावा लागला असता. तो उठून चढावर गेला, जिथं फोन लागतो तिथं. दुरून त्याचे नुसते हात दिसत होते, कधी थोरलीकडे दाखवायचा, कधी बायकांच्या रांगेकडे. उन्हात सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिले. धाकटीला वाटलं, साहेब नाही म्हणाला तर आपण दोघीही गेलो. थोरलीची नोकरी गेली तर तिच्या घरात आपण काय तोंड दाखवणार? थोरली मात्र पेटीवर बसून हाताची बोटं मोडत होती.

मुकादम उतरून आला तो घामानं निथळत. साहेब म्हणाले दोघींना मिस्त्री लिहा, सही ते करतील, असं त्यानं तिसरीकडेच बघत सांगितलं, आणि लिहिलं.

"वाचून दाखवा," धाकटी म्हणाली.

त्यानं तिचं पूर्ण नाव वाचलं, आणि त्यापुढे, मिस्त्री.

"पुन्हा एकदा. यांना ऐकू आलं नाही."

मुकादमानं रांगेकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि मोठ्यानं वाचलं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, ऐकलं ग बाई मिस्त्री, आता पाणी काढ. धाकटीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, ते तिनं दंडानं पुसलं. मग वाकून क्लॅम्प उचलला आणि थोरलीला विचारलं, वरचं कोण करणार.

"तूच कर," थोरली उठत म्हणाली. "माझी बोटं दुखतायत."